कोणाचीच बाजू नाही

बन्सीधर गुरुजी मुख्याध्यापक झाले त्या वर्षी, म्हणजे पंच्याऐंशीत, परभणीला तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या एका प्राध्यापक बाईंनी सगळ्यांना चाळीस प्रश्नांचा कागद वाटला. आपण कामावर कसे वागतो ते ज्याचं त्यानं ताडून बघायचं होतं. गुरुजींनी भराभर खुणा केल्या. राग येतो का? क्वचित. कामं वेळेवर होतात का? नेहमी. सहकाऱ्यांत वाद पेटला तर कोणाची बाजू घेता? कोणाचीच नाही. बेरीज केल्यावर उत्तर निघालं : शांत, जुळवून घेणारा स्वभाव.

शेजारच्या दिनकररावांनी डोकावून पाहिलं. शाळा अशाच माणसाच्या हाती नीट चालते, असं ते म्हणाले, तेव्हा गुरुजींना बरं वाटलं. मग बाईंनी सांगितलं, की आता प्रत्येक उत्तराखाली खरी घडलेली एक गोष्ट लिहा.

‘कोणाचीच नाही’च्या खाली लिहायला गुरुजींना एकच गोष्ट आठवली.

अठ्ठ्याहत्तरचा ऑगस्ट. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव पेटलं होतं. शाळेत रंगनाथराव नावाचे बौद्ध शिक्षक होते, गुरुजींपेक्षा दोन वर्षांनी सीनियर. दुपारी दोघं एकत्र डबा खायचे. नामांतराच्या अर्जावर रंगनाथरावांनी सही केल्याचं कळलं, तशी गावातली चार वजनदार माणसं शाळेत आली. हा मास्तर वर्गात पोरांना भडकावतो, असा कागद त्यांनी लिहूनच आणला होता. शिक्षकांनी एकेक करून सह्या केल्या. ते खोटं आहे हे गुरुजींना पक्कं ठाऊक होतं. कशाला वाद, म्हणून त्यांनीही केली. रंगनाथराव समोरच बसलेले होते. पंधरवड्यात त्यांची जिंतूरकडे बदली झाली आणि सेवापुस्तकात शेरा पडला. त्या शेऱ्यापायी ते मुख्याध्यापक झाले नाहीत.

प्रशिक्षण संपल्यावरच्या रविवारी गुरुजी जिंतूरला गेले. गीताबाईंनी, रंगनाथरावांच्या पत्नीनं, पाणी दिलं आणि त्या आत गेल्या. गुरुजींनी अडखळत माफी मागितली.

“तवा घरावर दगडं घेऊन आले त्यांचा राग आता राहिला न्हाई,” रंगनाथराव सावकाश म्हणाले. “ते माझे कोण होते? तुमी माझ्या डब्यातलं खाल्लं होतं, गुरुजी.”

गुरुजींना मान वर करवेना. मी ऑफिसला खरं काय ते लिहून देतो, असं त्यांनी सांगितलं.

“द्या. पण माझ्यासाठी म्हणून देऊ नका.”

गुरुजींनी अर्ज दिला : तक्रार खोटी होती, मी जाणूनबुजून सही केली. जुन्या सहकाऱ्यांकडेही ते जाऊन आले, पण एकानंही साथ दिली नाही. तीन महिन्यांनी उत्तर आलं, की प्रकरण जुनं आहे, निकाली काढण्यात येत आहे. गावात लोक म्हणू लागले, मास्तरला कुणीतरी चढवलंय. गुरुजी आले की शिक्षकांच्या खोलीतलं बोलणं थांबायचं.

चार वर्षांनी रंगनाथराव साधे शिक्षक म्हणूनच निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला गुरुजी आपणहून गेले आणि मागच्या रांगेत बसले. भाषणात रंगनाथरावांनी उभ्या नोकरीत भेटलेल्या पुष्कळ माणसांची नावं घेतली. गुरुजींचं घेतलं नाही. गुरुजींनी इतरांसारखाच रांगेत उभं राहून त्यांना हार घातला आणि संध्याकाळच्या एस्टीनं ते परत निघाले.