टाळणे : वाक्यात उपयोग करा

चौथीच्या वर्गाला मी शब्द दिला, ‘टाळणे’. अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा. मंगळ्याने लिहिलं, ‘मी आंघोळ टाळतो.’ ते सांगायची गरजच नव्हती, मेला दारात उभा राहिला की कळतं! हसत हसत वह्या तपासत होते, तेवढ्यात रोहिणीची वही हातात आली. ‘आमची गाय ओढ्याचं पाणी टाळते.’

ते वाक्य मी दोनदा वाचलं. बरोबरची खूण केली आणि वही मिटली. अहो, दुसरं काय करणार होते? माझा नवरा अजेय टँकर चालवतो. मोहोपाड्याकडून कारखान्याचं घाण पाणी उचलायचं आणि लांब शुद्ध करायला न्यायचं, असं काम. पण त्याचा टँकर तासाभरात रिकामा होऊन परत येतो, तोही ओढ्याकडून. ओढ्यावरून या पोरांच्या वाडीकडे येणारा रस्ताही त्याला माझ्यामुळेच माहीत, मला शाळेत सोडायला यायचा ना. एवढं सगळं कळत असून मी त्याला रोज काय विचारते? ‘भाजी आणखी वाढू का?’

पुढच्या आठवड्यात रोहिणी शाळेत आलीच नाही. गुरुवारी मंगळ्या म्हणाला, “बाई, तिला उलट्या व्हत्यात. वाडीत आनखी तिघांना.” मग मात्र मला राहवेना. आज सांगून टाकायचं, घरात काय व्हायचं ते होऊ दे! शाळा सुटल्यावर बांधावरून वाडीत गेले.

वाडी फार गप्प होती. एकही पुरुष दिसेना. रोहिणी पडवीत गोधडीत पडली होती, ओठ पार सुकलेले. तिची आई सुंदरा नेहमीसारखी हसली नाही. “बसा बाई,” म्हणाली आणि आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली.

दारी आलेल्याला आधी पाणी. आमच्यासारख्यांनी वाडीत पाणी नाकारलं, तर त्याचा अर्थ काय घेतात ते मला ठाऊक आहे. म्हणून तर नोकरीच्या पहिल्या दिवशी मी मागून प्यायले होते. तांब्या ओठांपर्यंत नेला. पाणी नितळ दिसत होतं. हात तिथेच थांबला.

“आज निर्जळी उपास आहे गं माझा,” मी म्हणाले. जीभ कशी झडली नाही!

सुंदराने तांब्या घेतला, रोहिणीची मान उचलली आणि तिच्या ओठांना लावला.

“नको!” मी किंचाळले. “नको पाजू तिला, सुंदरा! विष आहे ते!”

पोर घटाघटा पीत राहिली. सुंदराने पदराने तिचं तोंड पुसलं.

“वरच्या झऱ्याचं हाय ह्ये, बाई. वड्याचं आमी चार दिस झालं सोडलं. तुमाला ठावं हाय का नाय, तेवढंच बघायचं व्हतं.”

“मी सांगायलाच आले होते,” असं म्हणाले, पण ते मलाच खरं वाटलं नाही.

“बसा आता. गडी समदे खाली वळनावर गेल्यात. तुमच्या मालकांचा यायचा टाइम झाला.”

माझा हात पर्समधल्या फोनकडे गेला. सुंदराने मनगट धरलं. फार जोरात नाही.

“ऱ्हाऊ द्या, बाई.”

खाली चढणीवर गिअर बदलल्याचा आवाज आला. आमचाच टँकर होता.