पिकल्या चंद्रज्योतीचा रंग

चंद्रज्योतीच्या झुबक्यातलं शेवटचं फळ रंगवायचं राहिलं होतं आणि प्रियदर्शनीचे डोळे मिटत होते. दुपारची वेळ. लेक, सम्यका, एकदाची झोपली होती. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्या खोलीत पंखा कितीही फिरला तरी भिंतींची ऊब हलत नाही. घाम कागदावर पडू नये म्हणून तिनं मनगटाखाली फडकं धरलं होतं.

चित्र पेनाचं होतं. सबंध फांदी काळ्या शाईत, केसाएवढ्या बारीक रेघेनं काढलेली. पानांच्या शिरा, देठावरचे डाग, खोडाची पापुद्र्यासारखी सुटत आलेली साल. सावली म्हणजे नुसते ठिपके. अंधार हवा तिथं दाट, उजेड हवा तिथं विरळ. सम्यकाच्या झोपेच्या मापानं ते ठिपके पडले होते. पोर लवकर उठली की पानाचा एक कोपरा उघडाच राहायचा. तिला ताप आला त्या आठवड्यात तर एकच पान झालं.

अमरावतीच्या एका संस्थेला अंगणवाड्यांत लावायला विषारी झाडांचे तक्ते हवे होते. धोतरा, गुंज, एरंड आणि ही चंद्रज्योती. पोरं चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या खातात आणि उलट्या करत दवाखान्यात भरती होतात, अशी बातमी अधूनमधून पेपरात येते. तशी एक बातमी वाचल्यापासून प्रियदर्शनीला एक सवयच लागली होती. सम्यकाचं तोंड हललेलं दिसलं की हिचं बोट आत. "काय आहे? थुंक. दाखव." बहुतेक वेळा काहीच नसायचं. तरी बोट थांबत नसे. म्हणून हे काम तिनं मागून घेतलं होतं, आणि लेक झाल्यापासून हातून सुटलेला पेन पुन्हा धरावा, छापलेल्या कागदावर आपलं नाव यावं, म्हणूनही.

कला महाविद्यालयात सरांनी शिकवलेलं तिच्या अंगात मुरलं होतं. शाईच्या चित्रात रंग सांडायचा नसतो. एकाच जागी द्यायचा, बघणाऱ्याचं बोट धरून त्याला तिथं न्यायचं. तिनं तेच केलं. सगळं झाड काळं-पांढरं ठेवलं आणि रंग फक्त फळांना दिला, कारण विष तिथं होतं. आधी पातळ लिंबोणी पिवळा. तो वाळल्यावर खालच्या अंगाला जरासा नारिंगी. आणि प्रत्येक फळावर कोऱ्या कागदाचा एक बारीकसा कवडसा राखलेला, चमक म्हणून.

सासूबाई, दुर्गाबाई, पाणी प्यायला उठल्या आणि तिच्या खांद्यावरून वाकल्या.

"आई वं! हात लावून तोडून घ्यावं असं वाटते."

प्रियदर्शनी त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुपनं, तिच्या नवऱ्यानं, तिला आणि सम्यकाला स्टँडवर सोडलं. चित्रांचा पुठ्ठा तिच्या हाती देताना तो म्हणाला, "चेहरा पाय तुझा. एवढं थकून राहिली तर नको घेऊ म्हटलं होतं ना मी."

"नको म्हटल्यानं थकवा जाते का? तू भांडे घासत जा, मग जाईन थकवा."

"घासतो ना. रविवारी."

"हाव, एक कप. तुझा."

मूर्तिजापूरच्या अलीकडे सम्यकानं एस.टी.त उलटी केली. शेजारची बाई खिडकीकडे सरकली. प्रियदर्शनीनं ओढणीनं पोरीचं तोंड पुसलं आणि उलटीत काय पडलं ते आधी नीट निरखून पाहिलं. बिस्किट होतं. नुसतं बिस्किट. मग तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि अमरावती येईपर्यंत पुठ्ठा एका मांडीवर, पोर दुसऱ्या मांडीवर, अशी ती डोळे मिटून बसून राहिली.

संस्थेतले भगवंत सर मोठ्या आवाजाचे, मोकळ्या मनाचे गृहस्थ. त्यांनी चित्र उजेडाला धरलं आणि ऑफिसातल्या सगळ्यांना हाका मारल्या. "हे तर अंगणवाडीत लावायची चीजच नोहोय मॅडम! दिवाणखान्यात लावा लागते!" सगळ्यांनी माना डोलावल्या. छपाईवाल्याशी बोलणं झालं होतं. फक्त एका अंगणवाडीत चित्र पोरांना दाखवून फोटो काढायचे होते, अहवालाला लागतात. "भातकुलीकडे एक गाव हाय. जीपनं जाऊ, जीपनं येऊ. तुमी बी चाला, पोरगी खेळंल."

अंगणवाडी एका खोलीची होती. चंदाताई म्हणून तिथल्या सेविका; त्यांनी पोरांना रांगेत बसवलं आणि चित्र छातीशी धरलं.

"सांगा, काय आहे हे?"

"आंबा!"

"आंबा नोहोय बे, लिंबू हाय!"

"चॉकलेट!"

"नाही. हे आहे चंद्रज्योती. हे खायचं नाही. हे विष आहे. काय आहे?"

"विऽऽष!" सगळ्यांनी एका सुरात सांगितलं.

आणि त्याच दमात दोन वेण्यांची एक पोरगी उठली, चित्रापाशी आली, कागदावरचं पिवळं फळ चिमटीत धरल्यासारखं केलं आणि तोंडात टाकलं. "अम्म! गोड हाय!"

झालं. सगळी रांगच उठली. एकेक जण पुढं येई, फळ तोडी, गाल फुगवून चावी, पुन्हा मागं जाऊन रांगेत उभा राही. "मी विष खाल्लं!" "म्या दोन खाल्ले!" चंदाताई हसू दाबत "बसा, बसा" म्हणत होत्या. भगवंत सर गुडघ्यावर बसून फोटो काढत होते. आणि एरवी आईची ओढणी न सोडणारी सम्यका त्या पोरांत घुसून हात उंचावत होती. "मले बी! मले बी दे!"

प्रियदर्शनी दाराशी उभी होती. एकाही पोराची नजर पानांकडे गेली नव्हती. सुटलेली साल, शिरा, देठ, ते सगळे ठिपके कुणाच्या खिजगणतीत नव्हते. महाविद्यालयातल्या सरांनी शिकवलेलं अगदी बरोबर साधलं होतं. ज्या जागी न्यायचं होतं त्याच जागी तिनं पोरांना बोट धरून नेलं होतं, आणि पोरं तिथून पुढं तोंडापर्यंत आपली आपण गेली होती. सासूबाईही कालच म्हणाल्या होत्या, तोडून घ्यावंसं वाटते. आपण त्यावर हसलो होतो.

बाहेर ओट्यावर तिनं भगवंत सरांना गाठलं.

"सर, हे नका छापू."

"काहून?"

"तुम्ही पाहिलं नाही का? खाऊन राहिली होती पोरं ते."

"अवो मॅडम, खेळ हाय तो त्यायचा. खाली लाल अक्षरात 'विषारी' येऊन राह्यलं ना. म्हणसान तर एक कवटी बी टाकू."

"त्यांच्या बनियनवर कवट्या आहेत सर. त्या पाहून भितात का ते?"

सर खो खो हसले. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. "पाहा, सगळ्यायले पसंत हाय. खाली नाव बी येऊन राह्यलं तुमचं. तुमी बी लय थकल्या दिसता. होऊ द्या आता."

ते मनापासून म्हणाले होते, आणि तेच जड गेलं. कुणी वाकडं बोललं असतं तर भांडता आलं असतं. नुसतं "बरं" म्हटलं की झालं. पुठ्ठा त्यांच्या हाती द्यायचा, परतीची गाडी धरायची, घरी जाऊन झोपायचं. सम्यका येऊन तिच्या कमरेला लटकली होती. तिचं वजन दिवसभरात वाढल्यासारखं वाटत होतं.

"इथं झाड आहे का हो जवळपास?" तिनं चंदाताईंना विचारलं.

"आहे की. मागं कुंपणच आहे चंद्रज्योतीचं. तोडा म्हणून सांगितलं, कोण तोडते?"

सम्यकाला चंदाताईंच्या कडेवर देऊन ती मागं गेली. तिनं चित्र काढलं होतं ते अनुपनं तोडून आणलेल्या ताज्या फांदीवरून, टेबलावर, पाठीमागं पांढरा कागद लावून. इथलं कुंपण धुळीनं माखलेलं होतं. पानं मळकट हिरवी, तारेत चिप्सची रिकामी पाकिटं अडकलेली. पिकली फळं होती, पण वर, तिच्या डोक्याच्या उंचीला, पानांआड.

ती पोराएवढी होऊन उकिडवी बसली. तिथून पिवळं काही दिसेना. दिसली ती जमीन. वाळून काळी पडलेली, तडकून तीन फाका झालेली बोंडं, आणि त्यांतून सांडलेल्या काळपट बिया. एक तिनं दगडानं फोडली. आतून दाणा निघाला, पांढरा, स्वच्छ, सोललेल्या शेंगदाण्यासारखा. मग ती हातानं माती उकरून आणखी बिया शोधू लागली.

परत आली तेव्हा हात मातीनं भरलेले होते. "मला पुठ्ठा परत न्यावा लागेल सर. सोमवारी आणून देते."

"सोमवारी सकाळी मॅडम. छपाईवाला पुढं थांबत नाही. नाही आलं तर मी याचा फोटो काढून ठेवला हाय, तोच पाठवतो. आता सांगून ठेवतो, मंग नाराज नका होऊ."

रविवारी ती पुन्हा टेबलाशी बसली. अनुप सम्यकाला फिरवून आणतो म्हणून निघाला होता, पण पोर दारातच रडून परत आली आणि शेवटी आजीच्या मांडीवर झोपली. नवीन कागदावर पहिल्यापासून काढायला ना वेळ होता ना हातात जीव. जे होतं त्याच्यावरच काम करायचं होतं.

'विषारी' या शब्दासाठी खाली जागा सोडली होती. तिथं तिनं जमीन काढली. तडकलेली बोंडं, सांडलेल्या बिया, एक फुटलेली, आतला पांढरा दाणा दिसणारी. तार. चिप्सचं पाकीट, त्याच्या चुण्यांसकट. मग पेन ठेवला आणि ब्रश घेतला.

शाई पाण्यात फुटणारी नव्हती, ती भीती नव्हती. भीती दुसरीच होती. मळकट हिरवा तिनं पानांवर पसरला तेव्हा शिरा मागं सरल्या आणि विरळ ठिपके दिसेनासेच झाले. खोडावर मातकट रंग गेला आणि ती सुटणारी साल, जिच्यावर तिचा जीव होता, खोडात बुडाली. शाईची रेघ अशीच मरते. रंग तिच्यावर चढत नाही, तिच्या दोन्ही बाजूंचा उजेड खाऊन टाकतो. तापाच्या आठवड्यातल्या पानावर ब्रश नेताना ती थोडी थांबली. मग तेही भरून टाकलं.

शेवटी फळं. पिवळ्यावर पातळ जांभळा फिरवला की पिवळ्याचं तेज उतरतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं एकेक फळ उतरवत नेलं. राखून ठेवलेले कवडसे एकामागून एक विझले. फळं वाळल्या पानांच्या रंगाची होऊन पानांतच गेली.

दुर्गाबाई मांडीवरची पोर सांभाळत लांबूनच पाहत होत्या. "काहून बिघडवून राहिली वं? एवढं छान होतं."

"छापल्यावर सांगते आई."

"मी तर म्हणते, पहिलंच दे."

 बोलायला लागणारी ताकद तिला ब्रशसाठी हवी होती. झालं तेव्हा तिनं चित्र भिंतीला टेकवून ठेवलं आणि दुरून पाहिलं. कुणी दिवाणखान्यात लावणार नाही असं ते झालं होतं. खाली नाव घालायचं तर आता घालावंसंही वाटत नव्हतं. कुंपणाचा एक गचाळ तुकडा, बस. चांगलं झालं की वाईट, हे कळण्यापलीकडे ती दमली होती.

सम्यका डोळे चोळत उठून आली. चित्रासमोर उभी राहिली. वरच्या फळांकडे तिनं पाहिलंही नाही. ती खाली बसली आणि तडकलेल्या बोंडावर बोट ठेवलं.

"हे शाळेत हाय."

शाळा म्हणजे तिची बालवाडी, दोन गल्ल्या पलीकडची. प्रियदर्शनी रोज तिला फाटकात सोडायची आणि फाटकातूनच परत घ्यायची.

"शाळेत? कुठं?"

"मागं. नळापाशी. याच्यात दाणा असते, मम्मी. पांढरा."

"तुला कोण म्हणलं?"

"मीच फोडला. दगडानं."

प्रियदर्शनी तिच्यासमोर बसली. तिनं पोरीचे दोन्ही खांदे धरले, मग फार घट्ट धरलेत असं वाटून सैल केले. "खाल्ला?"

सम्यकानं आठवून पाहिलं. "नाई. मॅडमनं घंटी वाजवली ना."

आजी "अवं बाई" म्हणून उठून उभ्या राहिल्या. प्रियदर्शनीनं लेकीला जवळ ओढून घेतलं आणि तशीच बसून राहिली, जोवर पोरगी "सोड ना" म्हणून वळवळायला लागली नाही तोवर. मग तिनं अनुपला हाक मारली आणि बालवाडीच्या मॅडमना आत्ताच्या आत्ता फोन लावायला सांगितला. उद्या पोरं यायच्या आधी मागचं झाड तोडा म्हणावं, आणि जमीन झाडून घ्या. त्यांना जमत नसेल तर तू जा.

तो आतल्या खोलीत फोनवर बोलत होता तेव्हा तिनं वाटीतलं गढूळ पाणी ओतून दिलं, दुसरं घेतलं आणि पुठ्ठ्यातून गुंजेचं चित्र बाहेर काढलं. काळ्या बारीक पानांत लाल दाणे लकाकत होते. तिनं ते फार मन लावून रंगवले होते. ब्रश उचलण्यापूर्वी तिनं डोळ्यांवर पाण्याचा हात फिरवला. सोमवार सकाळच्या आत हेही व्हायला हवं होतं.