मोहरेला कडी

रुपयाचे शंभर पैसे झाले त्या साली सरुबाईच्या नवऱ्याला नाणी जमवायचा नाद लागला. जमवायची म्हणजे काय, तर एकच नाणं, आणि तेही बायकोचं सोनं देऊन. असल्या नादाला आग लागो, असं सरुबाई पुढं जन्मभर म्हणत राहिली, आणि तिचं काही चुकलं नाही.

भिमाजी तिकोणा पेठेतल्या चांगल्या खात्यापित्या घरातला. अंगानं धिप्पाड, मिशा पिळदार, आवाज खणखणीत. फक्त डोक्याच्या जागी देवानं काय भरलं होतं ते देवालाच ठाऊक. भात झोडून झालं की आंबेमोहराची पोती घेऊन तो लोणावळ्याच्या बंगल्यांवर जाई. तिथं कारखानीस नावाचे एक रिटायर साहेब होते, जुनी नाणी जमवणारे. त्यांनी भिमाजीला खुर्ची दिली, कपबशीतून चहा दिला, आणि हा गडी तिथंच खलास झाला. खुर्चीवर बसवलं की जो माणूस विरघळतो, त्याला विकत घ्यायला पैसेसुद्धा लागत नाहीत.

"टांकसाळीत आता नवे पैसे पाडायचेत," साहेबांनी सांगितलं. "जागा नको का? म्हणून तळघरातल्या जुन्या मोहरा सरकारनं बाहेर काढल्या. पाडल्यापासून कुणी वापरलेल्या नाहीत, ओरखडा नाही. मुंबईचे शौकीन सोन्याच्या चौपट मोजतात. माझ्याकडे एक जास्तीची आहे, ती तुम्ही घ्या. चैत्र सरता सरता मुंबईचे एक गृहस्थ येणार आहेत, त्यांना विका."

हे सगळं भिमाजीनं घरी येऊन असं सांगितलं, की जणू मोहर त्यानंच पाडली होती. सरुबाई तांदूळ पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही.

"चौपट येत्यात, तर सायेब सोताच का इकत न्हाईत?"

"अगं, त्यांना काय कमी हाय? माझ्यावर जीव हाय त्यांचा."

"जीव! गेल्या साली आपल्या तांदळात खडे निघाले म्हणून पोतं परत धाडणारे त्येच ना?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"न्हाई बा कळत. तुमाला लय कळतंय!"

तिला जे कळत होतं ते साधं होतं. शेजारचा अंबाजी मुंबईला पोराकडं निघाला होता आणि त्याचं ओढ्याकाठचं खाचर विकायला निघालं होतं. काळी माती, पावसानं ओढ दिली तरी न सुकणारं. सरुबाईनं आईनं दिलेली पुतळ्यांची माळ मोडून ते घ्यायचं ठरवलं होतं, आणि अंबाजीनंही अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबायचा शब्द दिला होता. गळ्यातलं सोनं वर्षातून एकदा लग्नात मिरवायचं, त्यापेक्षा खाचर वर्षभर घर जेवू घालील, एवढा तिचा हिशोब.

ती कामशेतच्या बाजाराला गेली आणि इकडं भिमाजीनं कणगीत हात घातला. घरात मीठ कुठं असतं ते या माणसाला रोज विचारावं लागे, पण पुतळ्या कुठं आहेत ते न विचारता सापडलं! ती परतली तेव्हा ओसरीवर माणसं जमलेली, आणि मधोमध भिमाजी, पुतळ्यांच्या बदल्यात साहेबांकडून आणलेली मोहरेची मखमली डबी हातात घेऊन.

"लांबनं बगा, लांबनं. सरकारी खजिन्यातली हाय."

सरुबाईनं कणगी चाचपली आणि ती तिथंच बसली. आईच्या हातची माळ होती ती. आईनं ती आपल्या गळ्यातून काढून तिच्या गळ्यात घातली होती ते तिला आठवलं आणि डोळ्यांना धार लागली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं. रडून या माणसाला अक्कल येणार असती, तर लग्नाच्या पहिल्याच वर्षी आली असती.

"झालं ते झालं," ती रात्री ताट वाढताना म्हणाली. "आता ती डबी उघडू नगा. त्यो मुंबईवाला येईल, त्याला इका, आन् अंबाजीचं खाचर घ्या. खाचर गेलं तर मी तुमाला जितं सोडायची न्हाई."

"खाचर घेऊ, आन् वर बैलजोडी," भिमाजी म्हणाला आणि त्यानं आणखी एक भाकरी घेतली.

डबी बंद राहिलीही. पण चैत्रात भैरोबाची जत्रा आली. पालखीला पहिला खांदा द्यायचा मान भिमाजीच्या घराण्याचा. उघड्या छातीनं पालखी न्यायची, आणि छातीवर घरातलं सोनं मिरवायचं, अशी चाल. आता डबी का कुणी गळ्यात बांधतं? जत्रेच्या आदल्या दिवशी हा शहाणा कुणाला न सांगता सोनाराकडं गेला. सोनारानं मोहरेच्या कडेला डाख देऊन, म्हणजे धातू वितळवून सांधून, झकास कडी बसवली, काळ्या गोफात ओवली. सरुबाईनं पाहिलं ते थेट देवळापुढं. गुलालात माखलेली छाती, त्यावर मोहर, आणि तिच्यावर गावभरच्या पोरांची बोटं फिरतायत.

"अवं, ह्ये काय केलंत?" ती किंचाळली.

"कडीच तर लावलीय! सोनं कुटं कमी झालंय? उलट वाढलंय की!"

मुंबईचे गृहस्थ आले त्या दिवशी सरुबाई नवऱ्याबरोबर बंगल्यावर गेली. नको म्हणायची भिमाजीची छाती झाली नाही. गृहस्थांनी भिंग डोळ्याला लावलं, मोहर उलटसुलट केली आणि ती टेबलावर ठेवून दिली.

"नाणं अस्सल होतं. असं कोरं मी फार वर्षांनी पाहिलं असतं. पण आता हा दागिना आहे. सोन्याच्या वजनाचे पैसे मिळतील, कुठल्याही सोनाराकडे."

"कडी काढून देतो की!"

"डाग राहतोच."

"अहो, मी तुम्हाला डबी कशासाठी दिली होती?" कारखानीस हसले. "मोहरेला भोक पाडलं नाहीत, हेच नशीब. तुम्हा लोकांच्या हाती हिरा दिला तरी तुम्ही बैलाच्या कपाळाला बांधाल."

भिमाजीही हसला. साहेब हसले म्हणून हसला! नाकावर माशी बसली तरी घर डोक्यावर घेणारा हा मर्द तिथं टोपी हातात घेऊन दात काढत उभा होता. सरुबाईच्या अंगाची लाहीलाही झाली. साहेबाचा राग येत होता, पण नवऱ्याची किळस आली, आणि ती रागापेक्षा जास्त होती.

"माझी माळ माघारी द्या," ती साहेबांना म्हणाली. "ही घ्या तुमची मोहर."

"बाई, माळ केव्हाच विकली. व्यवहार खुशीनं झाला. विचारा यजमानांना."

"त्यांना काय इचारायचंय! त्यांना इचारून कुणाचं भलं झालंय?"

तिनं टेबलावरची मोहर उचलली, कनवटीला खोचली आणि चालू लागली. मागून भिमाजी "अगं ऐक, अगं थांब" करत स्टेशनापर्यंत आला. तिनं मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मोहर सोनाराला घातली आणि पैसे अंबाजीपुढं ठेवले. अंबाजीनं ते दोनदा मोजले.

"सरू, यात आख्खं खाचर न्हाई गं बसत. खालचा तुकडा देतो. वरचं उर्शा गावचं गिऱ्हाईक मागतंय."

"द्या. पन कागद माझ्या नावानं करा, आबा."

"आन् भिमाजी?"

"त्यांचा काय संबंध?"

आषाढात लावणी आली. वरच्या खाचरात उर्शाच्या मालकाची माणसं, खालच्या तुकड्यात सरुबाई आणि वाडीवरून लावणीला आलेल्या बाया. वरच्या काळ्या मातीकडं तिची नजर अजून जात होती. तेवढ्यात भिमाजी घोंगडी पांघरून बांधावर आला, आणि लागला हुकूम सोडायला.

"ए बायांनो, रोपं जरा दाट लावा! हितं, हितं बगा!"

लावणीच्या बायांत चिमाबाई नवीन होती. तिनं हातातलं रोप थांबवलं आणि हळूच विचारलं, "मावशी, मालक म्हनत्यात दाट लावा. लावू का?"

सरुबाईनं कंबर सरळ केली नाही. रोप चिखलात खोचलं, दुसरं घेतलं.

"मालक मी हाय," ती म्हणाली, बांधावर ऐकू जाईल अशी. "ते बगायला आल्यात. बगू द्या."