जास्तीची दोन भोकं

नागनाथ जॉबरची एक खोड साऱ्या भवानी पेठेला ठाऊक होती. माग दुरुस्त करायला बोलावलं, की जिथं दोन बोल्ट लागतात तिथं हा तीन घालणार. मालक कुरकुरला तर म्हणायचा, "थरथरणाऱ्या यंत्राचा भरवसा न्हाय, मालक." आणि त्यानं बसवलेला माग कधी ढिला पडला नाही, हेही खरं. त्यामुळे लेकीच्या होडीची डोलकाठी घराच्या गच्चीवर आली, तेव्हा त्याचे हात शिवशिवले नसते तरच नवल.

लेक बुद्धप्रिया. कॉलेजात एनसीसीत असताना शिडाची होडी चालवायला शिकली आणि तिच्या नादालाच लागली. आता बँकेत नोकरी आणि रविवारी उजनीचं पाणी. कुणीतरी मोडीत काढलेली होडी तिनं आणली होती. तिची डोलकाठी म्हणजे ॲल्युमिनियमची पोकळ नळी. त्या नळीवर स्टीलची पट्टी बसवायची होती, आणि काठीला उभं धरणाऱ्या तारा त्या पट्टीत अडकणार होत्या. पट्टी सुटली की काठी खाली. आणि खाली कोण बसलेलं असणार? नागनाथला पाणी बघूनच घेरी यायची. त्याला उठता-बसता तेवढंच दिसू लागलं.

त्यानं आपल्या पेटीतले जाडजूड बोल्ट काढले. "हे घाल. आरपार."

"पप्पा, नळी पोकळ हाय. नट आवळला की चेपंल. आन् लोखंड गंजतंय."

"मग ॲल्युमिनियमचे रिबिट?"

"मऊ पडतात. तारांच्या ओढीनं तुटतील." तिनं स्टेनलेसचे रिबिट, म्हणजे भोकात घालून बाहेरूनच दाबून बसवायच्या बिननटाच्या खिळ्या, पुढे केल्या. "हे टिकतात. फक्त ओल लागली की स्टील ॲल्युमिनियमला खातंय, म्हणून मधी हा लेप द्यायचा."

तिनं वरखाली, तिरप्या अशा चार खुणा केल्या आणि चार रिबिट मारले.

"चारच?"

"पुरतात की."

पुरतात म्हणे! पुरतात म्हणणारे जॉबर नागनाथनं पुष्कळ बघितले होते, आणि त्यांचे खडखडणारे मागही.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली आणि हा पठ्ठ्या ड्रिल घेऊन गच्चीवर. एका रिबिटाच्या दोन्ही बाजूंना, अगदी सरळ आडव्या रेषेत, त्यानं आणखी दोन भोकं पाडली. लेप लावला, रिबिट मारले आणि समाधानानं चहा प्यायला.

संध्याकाळी बुद्धप्रियानं पट्टीवरून बोट फिरवलं आणि ती तिथंच थांबली.

"पप्पा, पावतीपुस्तकात भोकांची ओळ असते बघा. कागद तिथंच फाटतो. काठी आता ह्या ओळीवर मोडंल."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती गुपचूप खाली गेली. नागनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीचा जीव सांभाळायला निघाला आणि स्वतःच्याच हातानं तिची काठी कमजोर करून बसला.

"अवो, तिचं ऐकायचं हुतं की जरा," भीमाबाई नवऱ्याला म्हणाली. तेवढंच.

सकाळी तो लेकीसमोर उभा राहिला. "काय उपाय?"

"भोकांवर बाहेरून रुंद नळीचा तुकडा चढवायचा आन् पट्टी त्याच्या वर हलवायची. पण खात्री पाण्यावरच होणार."

"तू सांगशील तेवढीच भोकं पाडतो." आणि तेवढीच पाडली. चौथ्या रिबिटानंतर हात पुन्हा पेटीकडे गेला, पण त्यानं झाकण लावून टाकलं.

रविवारी उजनीच्या काठावर वारा बरा होता. बुद्धप्रियानं तरंगतं जाकीट चढवलं आणि नागनाथला काठावर बसायला सांगितलं. तो होडीजवळ येऊन उभा राहिला.

"मी बी येतो."

"पवता येतंय का तुमाला?"

"न्हाय."

"मग?"

"मोडली तर माझ्या टाळक्यात पडू दे. भोकं माझीच हायती."

दुसरं जाकीट आणून तिनं त्याच्या अंगात घातलं, बकलं लावली, पट्टे ओढून बघितले. मग खिशातून दोरी काढून सगळ्या पट्ट्यांवरून गुंडाळली आणि छातीवर एक गाठ मारली. तिच्यावर दुसरी.

"बकलं पुरतात की," नागनाथ म्हणाला.

"असू द्या," ती म्हणाली आणि तिसरी मारली.

शिडात वारा भरला. काठी कुरकुरली, पण उभीच राहिली. नागनाथनं सगळा वेळ ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, आणि बुद्धप्रियानं त्याला एकदाही सोडा म्हटलं नाही. काठाला आल्यावर त्या गाठी सोडवायला बसले तर दोघांच्यानं एकही सुटेना.