सारजाचा गुडघा

इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात मानसिंग कारकून होता. डॉक्टरांनी निदान केलं, की छापील पुस्तकात त्या रोगाचा आकडा बघायचा, कागदावर मांडायचा आणि महिनाअखेर सगळं पुण्याला धाडायचं, हे त्याचं काम. सांधा धरला म्हणत कोणीही आलं, की त्याच्यापुढं वाताचा आकडा पडायचा.

छप्पन्न सालच्या उन्हाळ्यात अंथुर्ण्याचा महिपती बायकोला, सारजाला, बैलगाडीत घालून घेऊन आला. मेंढरांमागं फिरताना तिच्या गुडघ्यात बाभळीचा काटा मोडला होता. गुडघा टरारून सुजला होता, अंग तापानं फणफणत होतं. गावात वात म्हणून लेप लावून झाला होता. मानसिंगनंही सवयीनं वाताचाच आकडा मांडून ठेवला.

नव्या डॉक्टरीण द्वारकाबाईंनी गुडघ्यात सुई घातली. पिचकारीत पिवळा पू आला.

"हा वात नाही," त्या म्हणाल्या. "सांध्यात जंतू शिरलेत. मानसिंग, आकडा बदला."

मानसिंगच्या वडिलांचा गुडघा असाच सुजला होता. वात समजून घरच्यांनी शेकत ठेवला आणि पाय जन्माचा ताठ झाला. त्यानं वाताचा आकडा खोडला आणि सांध्यातल्या पुवाचा मांडला.

पण कपाटात पेनिसिलीन पुरेसं नव्हतं. पुण्याहून औषध यायचं ते रोगांचे आकडे बघून, आणि वाताला पेनिसिलीन कोण धाडणार? द्वारकाबाईंची चिठ्ठी घेऊन मानसिंग दुपारच्या एसटीनं बारामतीला गेला, तिथल्या दवाखान्यात साहेब जेवून येईतो पायरीवर बसून राहिला आणि बाटल्यांचा खोका मांडीवर सांभाळत परतला.

रोज पू काढायचा, इंजेक्शन द्यायचं, असं चाललं. ताप उतरला तशी सारजानं आपणहून भाकरी मागितली. मग द्वारकाबाईंनी पाय वाकवायला लावला. ती दातांवर दात दाबून वाकवी.

महिपतीनं भीत भीत विचारलं, "बाई, मांडी घालून बसंल का ही?"

"बसेल. घाई नको."

मानसिंग आता सांध्याचा प्रत्येक रोगी द्वारकाबाईंना विचारूनच मांडू लागला. दिवाळीच्या सुमारास पुण्याहून पेनिसिलीन जास्तीचं आलं.

त्याच सुमारास सारजा बाजाराला आली, ती थेट दवाखान्यात शिरली. बरोबर शेजारची गोजरबाई, कोपर सुजलेली. तिला बाकावर बसवून सारजा स्वतः खाली मांडी घालून बसली.

"हिला बी समदी वातच म्हणत्यात," ती मानसिंगला म्हणाली. "बाईंस्नी म्हणावं, आधी सुई घालून बगा."