आधी श्वास, मग ‘बरं जी’

“ए मशीनबाई, या खोलीतून कधी पळून जावंसं वाटत नाही का गं तुला?”

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणी काही विचारलं ते हे पहिल्यांदाच! विचारणारी होती नववीतली काव्या. मशीनच्या तोंडावर हे विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी तिच्याशी लावली होती. तिने दाखवलं. मला मात्र उत्तर देता आलं नाही, म्हणून आज सांगते.

मी सोलापूरच्या एका दवाखान्यातली जुनी सीटी स्कॅन मशीन आहे. भल्यामोठ्या कड्यासारखी गोल. खोक्यात बंद होऊन जहाजातून आले, ट्रकमधून आले आणि आले त्याच दिवशी माझे पाय बोल्टांनी फरशीत आवळले. भिंतींत शिशाचे पत्रे, जाड दार, खिडकी नाही. ऊन कसं असतं, मला ठाऊक नाही. पहिल्या दिवशी हार घातला, पेढे वाटले. आता चित्र पुसट आलं की म्हणतात, “म्हातारी झाली की ही!”

मोठ्या माणसांचं मला जमतं हो. पण लहान मुलांचं हृदय फार भरभर उडतं आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या असतात शेवईएवढ्या. माझा फेरा संथ. मूल जरा हललं, श्वास सुटला, की शेवईचा लगदा.

काव्याच्या भावाचं, सहा वर्षांच्या बसूचं तसंच झालं होतं. लांबलेल्या तापानंतर त्याच्या नळ्या फुगल्यात का, ते पाहायचं होतं. पहिलं चित्र वाया गेलं. त्याचे वडील, आप्पा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल विणतात. ते म्हणाले, “धागा हलला की डिझाईन असंच बिघडतंय बघा.” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “किरणं आणि चित्रासाठी टोचतो ते औषध सारखं सारखं देता येत नाही. आता एकदाच. नाही जमलं तर पुण्याला न्यावं लागेल, मांडीतून नळी घालून बघतील.” अव्वाने, म्हणजे त्याच्या आईने, तोंडाला पदर लावला.

त्या दिवशी कड्यात बसू अडकला होता आणि बोल्टांत मी.

तंत्रज्ञ मल्लिनाथ सरांनी किरणं बंद ठेवून आधी सराव घेतला. माझ्या पोटात एका बाईंचा आवाज भरून ठेवलाय. त्या म्हणाल्या, “साँस रोकिए.” काचेपलीकडे नाक चिकटवून उभी असलेली काव्या एकदम ओरडली, “सर! ह्याचं तोंड हललं! हा त्यांना उत्तर देतोय!”

खरंच. बाईंनी ‘रोकिए’ म्हटलं की बसू अदबीने म्हणायचा, “बरं जी!” आणि धरलेला श्वास भसकन बाहेर. मला तर पहिल्या खेपेपासून ऐकू येत होतं. पण माझ्याकडे त्या बाईंचे चारच शब्द. सांगू कशी?

“अव्वा, तूच शिकवलंस की! मोठ्यांनी सांगितलं की ओ द्यायची म्हणून!” काव्या म्हणाली.

“मग काय उद्धट करू व्हय पोराला?” अव्वा रडता रडता हसली.

काव्याने सरांकडून माईक मागून घेतला. बाईंना गप्प केलं. “बसू, मी काव्यक्का. होटगीच्या विहिरीत बुडी मारताना बोलतोस का? नाही ना? तसं तोंड मिटायचं. उत्तर वर आल्यावर द्यायचं.”

ठोके मंदावायचं औषध दिलेलं होतंच. तिचा आवाज ऐकला आणि पडद्यावरचे आकडे आणखी उतरले. “मार बुडी!” ती म्हणाली. मी जीव खाऊन फिरले.

चित्र आलं. शेवई अन् शेवई वेगळी! एका जागी किंचित फुगवटा, बाकी स्वच्छ. “गोळ्या चालू ठेवू, पुण्याला जायचं कारण नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि बाहेर सरकताच बसू माझ्याकडे बघून म्हणाला, “बरं जी!”

मित्रांनो, चित्र बिघडलं तर मला म्हातारी म्हणण्याआधी आतलं मूल काय म्हणतंय तेही बघा. आणि काव्या, पळून जावंसं वाटतं गं. रोज वाटतं. पण त्या दिवशी दाराशी थांबून तू जे बोललीस, ते मी ऐकलंय:

“अव्वा, आप्पा, मी ठरवलंय. दर शनिवारी शाळा सुटली की मी हितं येणार. बारक्या पोरांना बुडी मारायला शिकवणार. सरांना विचारून झालंय, आता तुमी फक्त ‘बरं’ म्हणा!”