मागचा प्लग

डॅडींची गाडी आणायला मी रॉयसच्या अंगणात पाय ठेवला आणि लांबूनच माझं डोकं फिरलं. गाडीचं नाक चांगलं दोन बोटं वर आलं होतं. पुढच्या स्प्रिंगा डॅडींनी मोठ्या ब्लॉकचं, म्हणजे थोरल्या इंजिनाचं, वजन पेलतील अशा टाकल्या होत्या. नाक वर, म्हणजे वरचं ओझं कमी झालेलं. बाजूचा, त्या मोठ्या इंजिनाचा आकडा सांगणारा ४५४चा बिल्ला मात्र तसाच चकाकत होता.

बॉनेट उघडलं. आत छोटा ब्लॉक! दोन्ही बाजूंना इतकी जागा, की मांजर व्यायली असती तिथं.

रॉयस, माझा थोरला भाऊ, पायरीवर बसून उकडलेल्या शेंगा खात होता.

"माझं इंजिन कुठंय?"

"समोर आहे की. आठ सिलिंडर त्याला, आठच ह्याला. मोजून घे."

"मला शिकवू नकोस. दोन हिवाळे खपून मी नि डॅडींनी बांधलंय ते. मरताना गाडी कुणाला दिली त्यांनी?"

"मग गाडी मिळाली ना? अगं मर्लीन, तुझ्या भल्यासाठीच केलं. मोठा ब्लॉक म्हणजे बायकांच्या हातचं काम नाही. छोटा हलका, वळणाला बरा, पेट्रोलही कमी पितो."

यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर जास्तच संताप आला. छोटा ब्लॉक नीट बांधला तर मोठ्याच्या नाकी नऊ आणतो, हे मलाही ठाऊक आहे. पण मला ते अवजड धूडच हवं होतं. स्टिअरिंगच्या दांड्याआडचा त्याचा सगळ्यात मागचा स्पार्क प्लग डॅडींच्या फावड्यासारख्या पंजाला कधी लागलाच नाही. नऊ वर्षांची असल्यापासून तो मीच बसवायची. "तुझ्याशिवाय ही गाडी हलत नाही बघ," म्हणायचे.

रॉयसनं त्याच्या निळ्या गाडीकडे बोट केलं. तिचं बॉनेट उघडं होतं आणि आत माझं इंजिन, अजून गरम.

"उद्या शर्यत आहे. बरी आलीस. मागचा प्लग गेलाय, माझा हात पोचत नाही. तेवढा बदल ना."

लाज कोळून प्यायला होता मेला!

"पाना दे," मी म्हटलं.

हात आत घातला. मनगट भाजलं, तरी प्लग काढला. रॉयसनं नवा पुढे केला. तोही घेतला आणि दोन्ही खिशात टाकले.

"अगं, हे काय?"

"तुझ्या भल्यासाठीच. सात राहिले, मोजून घे. दुसरा विकत आण नि बसव तुझ्या पुरुषी हातानं. नाहीतर इंजिन माझ्या गाडीत परत घाल, मग बायकांच्या हातचं काम मी करते."

त्यानं शिव्या देत हात खुपसला. मनगटाशीच अडकला.

मी पायरीवर बसले आणि त्याच्या शेंगा सोलायला घेतल्या.